कुकरचा बदलीअर्ज

बाळांनो,

गेल्या रविवारी धाकटीने मला फोनवर एक मजकूर पाठवला. वर लिहिलं होतं, "आजी, हे वाच, हसून पोट दुखेल. कुणी लिहिलंय माहीत नाही." खाली एका प्रेशर कुकरने स्वतःच्या बदलीसाठी केलेला अर्ज होता, इंग्रजीत.

मी हसले नाही. चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. त्यातलं इंग्रजी माझं आहे. अकरा वर्षं एकाच बर्नरवर काढलेल्या त्या कुकरचं गाऱ्हाणं मीच एके दुपारी आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाइप केलं होतं. पण ते मी लिहिलेलं नव्हे. ज्यांनी लिहिलं त्या माझ्या घरापासून वीस मिनिटांवर राहतात. तेव्हा "कुणी लिहिलंय माहीत नाही" हे मला काही सहन झालं नाही. नाव फोनवर सांगेन, गोष्ट मात्र कागदावरच असलेली बरी. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. आईला शेजारी बसवा, पण वाचा.

तुमचा बाबा परदेशी शिकायला गेला तेव्हा आम्ही इथे भोपाळलाच, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहत होतो. सगळ्या क्वार्टर्सचा नकाशा एकच. त्यामुळे कुणाच्याही घरी गेलं तरी साखरेचा डबा कुठे असेल ते विचारावं लागत नसे. सकाळचा भोंगा झाला की पुरुष जात, संध्याकाळचा झाला की येत, आणि मधला वेळ आम्हा बायकांचा. जाताना बाबाने आम्हाला कॉम्प्युटर लावून दिला. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि ते चालू असलं की फोन बंद. तुमचे आजोबा कारखान्यातून फोन करून दमायचे आणि घरी येऊन विचारायचे, "आज कुणाचा वाढदिवस होता का इंटरनेटवर?"

त्या इंटरनेटवर मला जे सापडे ते एकटीने बघण्यात काही मजा नव्हती. म्हणून आम्ही चौघी दर बुधवारी साडेतीनला माझ्याकडे जमू लागलो, भोंगा होईपर्यंत. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. त्या शाळेने मला दोन गोष्टी दिल्या, इंग्रजी आणि रकाने. तेव्हा नियम मीच केले. प्रत्येकीने इंटरनेटवरची एक गंमत कागदावर उतरवून आणायची आणि एक खायची वस्तू, घरात असेल त्यातूनच केलेली. आणखी एक नियम मी जाड अक्षरात लिहिला होता, की स्वतः रचलेलं काही चालणार नाही. त्याला कारण होतं. त्याच पावसाळ्यात आमच्या महिला मंडळाच्या एका बाईंनी भोपाळच्या मोठ्या तलावाविषयी स्वतः केलेली कविता वाचली होती. ती संपेपर्यंत समोसे गार झाले आणि अध्यक्षीणबाईंना डुलकी लागली.

वही मी ठेवत असे. तारीख, गंमत, कुणी आणली, कुठून घेतली, खाणं काय होतं, आणि अभिप्राय.

आता या तिघी कोण ते सांगते. एक, खालच्या मजल्यावरच्या भाभी. अस्सल भोपाळी, हसल्या की पडदे हलायचे. त्या मीठ घातलेला चहा करून आणायच्या आणि आपण कप कसा धरतो त्यावरून आपला स्वभाव सांगणाऱ्या प्रश्नावल्या आणायच्या. माझा स्वभाव दर वेळी वेगळा निघे. दुसऱ्या, दवाखान्यातल्या मल्याळी सिस्टर. सकाळची पाळी संपवून यायच्या, उकडलेली केळी आणायच्या आणि ज्यांत स्थिर चाकं फिरताना दिसतात अशी चित्रं आणायच्या. माझ्या प्रिंटरवर ती चाकं कधी फिरली नाहीत, पण आम्ही बघत बसायचो.

तिसऱ्या, समोरच्या ब्लॉकमधल्या नागपूरच्या वहिनी. राजधानी हलली तेव्हा त्यांचे सासरे सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून इथे आले आणि यजमान कारखान्यात लागले. वहिनी मॅट्रिक झालेल्या. टाउनशिपमध्ये त्यांच्या हाताच्या चवीची ख्याती होती आणि त्यामुळेच त्यांचं एक नुकसान झालं होतं. कुणाकडे बारसं असो, मुंज असो, वहिनींना बोलावणं यायचं ते थेट स्वयंपाकघरात. बाहेर गप्पा रंगायच्या आणि या आत पुऱ्या तळायच्या. घरी यजमान अबोल, दोन्ही मुलगे नोकरीला बाहेर. एकदा त्या म्हणाल्या होत्या, "दिवसभरात मी दोनच वाक्यं बोलते जी. एक 'उठा' आणि दुसरं 'जेवायला चला'." बुधवारी मात्र त्या खुर्चीत बसायच्या आणि तीन बायका त्यांच्याकडे तोंड करून ऐकायच्या. हे त्यांना किती हवं होतं, ते मला फार उशिरा कळलं.

त्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. साकेत नगरला त्यांची नणंद राहायची, तिच्याकडे होता. तिथून वहिनी गमती उतरवून आणत, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, गोल गोल अक्षरांत. लिहीत मराठीत आणि वाचताना भाभींसाठी जागच्या जागी हिंदी करत. चेहरा अगदी मठ्ठ ठेवून वाचायच्या. कुकरचा अर्ज त्यांनी असाच वाचला:

"महोदया, मी गेली अकरा वर्षं एकाच बर्नरवर सेवा करीत आहे. माझ्या शिट्टीने घरातले सर्व जण दचकतात, परंतु माझ्याकडे बघायला कोणी उठत नाही. माझ्याबरोबर रुजू झालेला तवा आज पोळी, धिरडं आणि पापड अशी तीन खाती सांभाळतो. माझ्या वाट्याला डाळ-भात. रिंग दमली आहे. तरी मला हलक्या कामावर, शक्यतो दुधाच्या पातेल्याशेजारी, बदली मिळावी. दूध उतू जाते वेळी ड्यूटीवर कोणीही हजर नसतं, हे मी समक्ष पाहिलं आहे."

भाभी सोफ्यावरून खाली बसल्या. सिस्टरना ठसका लागला. मी अभिप्रायात "उत्कृष्ट" लिहिलं.

त्यानंतर एकदा डासांच्या पाळ्या आल्या. पहिल्या पाळीचे डास कान बघतात, दुसऱ्या पाळीचे पाय बघतात, आणि जनरल शिफ्टवाले नुसतेच फिरतात. मग स्टीलच्या डब्यांच्या झाकणांची सभा आली. डबे शेजारी गेले आणि परत आलेच नाहीत, अशा विधुर झाकणांची. मी मनापासून म्हणाले, "इंटरनेटवर लोक किती बारकाईने लिहितात! त्यांना आपल्या शिफ्टसुद्धा माहीत आहेत."

भाभी साखर आणायला उठल्या. साखर समोरच होती. मी त्यातूनही काही समजले नाही.

माझ्या वहीत मात्र एक गोष्ट खटकत होती. वहिनींच्या नावापुढे "कुठून घेतली" हा रकाना सात आठवडे "नणंदेकडून" असा भरला होता आणि हे काही उत्तर नव्हे. मी कुकरचा अर्ज इंग्रजीत करून तुमच्या बाबाला पाठवला आणि मूळ शोधायला सांगितलं. त्याचं उत्तर आलं, "आई, हे कुठेच नाही. पण इथे सगळे लोळले. मी पुढे पाठवलंय."

मी वहिनींना म्हटलं, "नणंदेकडून साइटचा पत्ता लिहून आणाल का? म्हणजे वही पुरी होईल."

"विचारते न," त्या म्हणाल्या. पुढच्या बुधवारी एक चिठ्ठी दिली. मी नंतर तो पत्ता तीनदा टाकला. पान सापडत नाही, असंच येत राहिलं. आता शहाणी बाई काय करील? गप्प बसेल. मी तो प्रश्न चौघींसमोर काढला.

"वहिनी, तो पत्ता चुकीचा आहे. मी तीनदा टाकून पाहिला."

"असं का? नणंदेचं अक्षर जरा..."

"अक्षर तर तुमचं आहे."

भाभींनी कप खाली ठेवला. मला वाटलं, मदत करावी. म्हणून मी म्हणाले, "आणि तुमच्या नणंदेची तर दिवाळीतच जबलपूरला बदली झाली ना? मग हल्लीच्या गमती कुठून आणता?"

बाळांनो, शपथेवर सांगते, मला फक्त रकाना भरायचा होता.

वहिनींचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "दूध ठेवून आले जी गॅसवर," म्हणाल्या आणि उठल्या. त्यांनी आणलेल्या पुडाच्या वड्यांचा डबा टेबलावर तसाच राहिला. कोथिंबिरीचं सारण भरलेल्या त्या वड्या आम्ही मागून खाल्ल्या, फार छान झाल्या होत्या. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

पुढच्या बुधवारी वहिनी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मी बेसनाचे लाडू करून त्यांच्या यजमानांच्या हाती पाठवले. दोन दिवसांनी माझ्या दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली दिसली. आत माझा डबा. घासलेला, पुसलेला, रिकामा.

तुमच्याकडे डबे कसे परत जातात ते मला माहीत नाही. आमच्या टाउनशिपमध्ये दुसऱ्याचा डबा रिकामा जात नसे. काही नसलं तर चमचाभर साखर घालत. नागपूरच्या वहिनींनी रिकामा डबा पाठवला म्हणजे त्यांनी मला काय सांगायचं ते सांगितलं होतं.

मी तो डबा घेऊन खाली भाभींकडे गेले. त्यांनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"दीदी, आप सच में नहीं समझीं?"

"काय नाही समझी?"

"अरे, वो सब वो खुद लिखती हैं! ननद तो कब की चली गई. कुकर वाली अर्जी किसकी है? उन्हींका कुकर है. तीसरी सीटी में रोता है, हमारे किचन तक सुनाई देता है."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहले दिन से. सिस्टर को भी. हम तो समझे आपको भी पता है और आप मज़े ले रही हैं. फिर उस दिन आपने वकील जैसे सवाल पूछे तो हमारी तो साँस अटक गई."

मी डबा घेऊन वर आले आणि वही उघडून बसले. पहिल्या पानावर माझाच जाड अक्षरातला नियम होता. वहिनींना इंटरनेट मिळत नव्हतं आणि स्वतःचं आणायला मी बंदी घातली होती. खुर्चीत बसून राहायचं तर त्यांना एकच वाट उरली होती. स्वतःचं लिहून ते परक्याचं म्हणून सांगायचं. आणि ती वाटही मी भर बैठकीत बंद केली. आता त्या परत पुऱ्या तळायला जाणार, आणि या खेपेला तिथे मी त्यांना ढकललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी समोरच्या ब्लॉकमध्ये गेले. दार उघडून वहिनी म्हणाल्या, "या न." आवाज गोड, पण पाहुणीला असतो तसा. मी स्वयंपाकघरात त्यांच्या मागे गेले. त्यांनी परातीत मुरमुरे घेतले, कांदा चिरला, हिरवी मिरची, कोथिंबीर, वरून कच्चं तेल आणि लिंबू. कच्चा चिवडा. मी माफीचं वाक्य जुळवत होते.

"वहिनी, त्या दिवशी मी जे..."

"आधी खा. मुरमुरे मऊ पडतात. माफी मऊ पडत नाही."

आम्ही खाल्ला. नाकातून पाणी आलं, मिरचीने.

मग त्याच बोलल्या. "मी काही चोरी केली का जी? लोक दुसऱ्याचं आणून आपलं म्हणतात. मी तर आपलं आणून दुसऱ्याचं म्हटलं."

"माझा नियमच चुकीचा होता."

"नियम राहू द्या हो. पण आता काय तोंड घेऊन येऊ? भाभी काय म्हणत असतील? सिस्टर काय म्हणत असतील? नागपूरची बाई खोटं बोलून राहिली होती."

"त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

वहिनींचा हात परातीत थांबला. "दोघींना?"

"दोघींना. तुमच्या कुकरची तिसरी शिट्टी भाभींच्या घरी ऐकू जाते."

"आणि तुम्हाला?"

"मला काल कळलं. भाभींनी सांगितलं तेव्हा."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे वहीवालीलाच माहीत नव्हतं?"

"वहीवालीलाच नव्हतं."

"डासांच्या पाळ्या वाचल्या तेव्हासुद्धा? ते पहिल्या पाळीचे, दुसऱ्या पाळीचे? तुम्हाला खरंच वाटलं अमेरिकेतले डास आहेत?"

"मला वाटलं, इंटरनेटवरचे लोक फार अभ्यास करतात."

"बाप्पा रे!" म्हणून वहिनी जमिनीवरच बसल्या. त्या इतक्या हसल्या की परातीतले मुरमुरे उडाले. मी मुकाट्याने वेचले. इंग्रजी शाळेत शिकलेली, रकाने आखणारी बाई सगळ्यांत उशिरा समजली, याने त्यांचा सगळा संकोच धुऊन निघाला. मी घरून पाठ करून नेलेलं एकही वाक्य त्यापुढे लागलं नाही.

हसून झाल्यावर डोळे पुसत त्या म्हणाल्या, "घरात माझं कोण ऐकतं जी? बुधवारी तुम्ही तिघी हसता न, ते मला मंगळवारपर्यंत पुरतं. ते गेलं असतं तर मी काय केलं असतं?"

मी परात त्यांच्याकडे सरकवली.

"येते मी," त्या म्हणाल्या. "पण एक अट आहे. या बुधवारी तुम्ही स्वतः लिहून आणायचं. आपलं स्वतःचं. मग कळेल कसं वाटते ते."

तीन दिवस मी लिहीत होते. तुमच्या आजोबांना वाटलं, कुणाला नोटीस पाठवतेय. मी भिंतीवरच्या घड्याळाचा वार्षिक अहवाल लिहिला. प्रस्तावना, वर्षभरातली कामगिरी, अडचणी, सूचना. उपमथळ्यांखाली रेघा ओढल्या.

बुधवारी वहिनी आल्या. हातात डबा होता, गोळाभात. भात, त्यावर वाफवलेले डाळीचे गोळे, वर गरम तेलाची फोडणी. पण आधी माझी पाळी होती. तळहाताला घाम आला होता. लग्नाआधी शाळेत शिकवत होते तेव्हा चाळीस जणांच्या वर्गापुढे कधी आला नव्हता. मी वाचलं. प्रस्तावना झाली, कामगिरी झाली. कुणीही हसलं नाही. अडचणींपाशी सिस्टरनी घड्याळाकडे पाहिलं. भाभी उशीचं टोक तोंडात धरून बसल्या होत्या, पण त्या अहवालाला हसत नव्हत्या, माझ्या चेहऱ्याला हसत होत्या.

संपल्यावर सिस्टर म्हणाल्या, "हैंडराइटिंग बहुत साफ है."

वहिनींनी हात पुढे केला. "वही द्या इकडे." अभिप्रायाच्या रकान्यात त्यांनी गोल अक्षरांत लिहिलं, "अक्षर सुंदर. मीठ राहिलं."

मी तो नियम त्याच वेळी खोडला, सही केली आणि खाली तिघींच्या सह्या घेतल्या. मग वहिनींनी कॅलेंडरचं पान काढलं आणि घरमालकिणीवर चिडलेल्या, भिजवून विसरल्या गेलेल्या हरभऱ्यांचं पत्र वाचलं. खाली त्यांनी "कुठून घेतली" या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. माहेरचं आडनावसुद्धा. लिहून झाल्यावर क्षणभर त्याकडे बघितलं, आणि मग सगळ्यांना गोळाभात वाढायला उठल्या. भाभींनी त्यांना खांदा धरून खाली बसवलं. "आप बैठिए. आज हम परोसेंगे." भाभींनी फोडणी एकाच ताटात ओतली आणि बाकी सगळ्यांचा भात कोरडा राहिला, पण वहिनी उठल्या नाहीत.

त्यानंतर टाउनशिपमधल्या इतर घरांतही वहिनींना बोलावणी येऊ लागली, वाचायला. सुरुवातीला लोक म्हणत, "वाचा, आणि जाता जाता जरा भाजी बघता का?" एकदोनदा त्यांनी बघितली. मग एकदा म्हणाल्या, "एकच काहीतरी सांगा जी," आणि यजमानीणबाईंनी वाचन निवडलं. मला अजूनही घड्याळाचा अहवाल वाईट वाटत नाही, पण ते माझं मत.

पुढे एकेकाची निवृत्ती झाली आणि क्वार्टर्स सोडावी लागली. भाभी मुलाकडे बडोद्याला गेल्या. सिस्टर केरळला परतल्या, केळ्यांच्या बागेत राहतात आणि आम्हाला त्या केळ्यांचे फोटो पाठवतात. वहिनींनी आनंद नगरला लहानसं घर घेतलं. यजमान गेले त्या वर्षी त्यांनी काही लिहिलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा सुरू केलं.

बुधवार अजून आहे. साडेतीनला मी रिक्षाने आनंद नगरला जाते. आता आम्ही दोघीच असतो. खायला एक पदार्थ असतो, घरात असेल त्यातलाच, आणि वहिनी नवं लिहिलेलं वाचतात.